सोमवारी आईला नुस्तें (मासे) द्यायचं का? (स्मृतिभ्रंश आणि माणसाची ओळख)

अबोली (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. आईच्या आजारामुळे इथलं बरंच वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. औषधं, डॉक्टर, केअरटेकर यांवर इथे चांगले धागे आहेत, ते पुन्हा उगाळत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत.

आम्ही फोंडा तालुक्यातले. आईचं वय ऐंशीच्या पुढे, अल्झायमर आता मधल्या टप्प्यावर आहे. लग्नाआधीपासून ती सोमवार पाळते. मंगेशीला सोमवारी संध्याकाळी पालखी निघते, पाय चालत होते तोवर ती चुकवली नाही. सोमवारी घरात नुस्तें शिजत नाही, रविवारचं हुमण (माशांची आमटी) उरलं तर ते रात्रीच संपवायचं किंवा देऊन टाकायचं, हा दंडक तिचाच. आम्हा भावंडांनी हट्ट करूनही तो कधी मोडला नाही.

आता सोमवारी दुपारी वरण-भात आणि भाज्यांचं खतखतं वाढलं की आई ताटाकडे बघते, बोटाने भात बाजूला सारते, भाताखाली काही लपवलंय का ते बघावं तसं, आणि विचारते, "नुस्तें खंय?" नाही म्हटलं की ताट सरकवते. कधी रडते.

दादा म्हणतो, द्यायचं नाही. "आई आधीसारखी असती तर तिने आपल्याला उभं केलं नसतं दारात. तिला कळत नाही म्हणून आपण तिचा नेम मोडायचा?" वहिनी म्हणते, "मांय आज समोर बसलीय. तिला भूक आज लागलीय. मी कुणाला जेवायला घालू, तीस वर्षांपूर्वीच्या मांयला?" दोघंही तिच्यावर जीव टाकतात, त्यामुळे कुणाला गप्प करावं असंही वाटत नाही.

आम्ही कोणाचं ऐकायचं? जिने नेम धरला त्या आईचं, की जी आता मागते तिचं? मुळात या दोघी वेगळ्या आहेत का? ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी जरूर लिहा.

दवबिंदू

अबोली, उत्तर नाही माझ्याकडे, पण प्रश्न ओळखीचा आहे. माझी सासू न्हाणीघराबाहेरच्या आरशातल्या बाईला आपली आई समजायची. स्वतःच्या मनात ती पंचविशीची, मग आरशातली ही पांढऱ्या केसांची कोण, तर आई. सकाळी तिला "येवा, बसात" म्हणायची, आपल्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून आरशापुढे ठेवायची. तोवर ठीक चाललं होतं. पण एके दिवशी आई बोलत का नाही, रागावलीय का, म्हणून जे रडणं सुरू झालं ते थांबेना. शेवटी आरसा काढला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला तिथे सासऱ्यांनी कॅलेंडर लावलं.

माणूस स्वतःला विसरतो असं म्हणतात, पण ती विसरली नव्हती. तिची स्वतःची ओळख एका वयावर थांबली होती, एवढंच.

पारिजात_मडगाव

मी तत्त्वज्ञान शिकवतो, त्यामुळे थोडं पुस्तकी वाटेल, पण तुमच्या जेवणघरात चाललेला वाद खरंच जुना आहे.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत वैयक्तिक ओळखीवर एक प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं साधारण असं की माझी जाणीव मागच्या ज्या कृतीपर्यंत पोचते तिथवर मी तोच माणूस. हे मानलं तर नेम धरलेला आईला आठवत नसेल, तर तो धरणारी ती नव्हेच! थॉमस रीडने १७८५ मध्ये यातली खोट दाखवली. लहानपणी बागेत चोरी करून फटके खाल्लेला मुलगा पुढे अधिकारी होतो, लढाईत झेंडा जिंकतो, म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला फटके आठवतात. सेनापतीला झेंडा आठवतो, फटके आठवत नाहीत. मग लॉकच्या हिशोबाने सेनापती म्हणजे तो अधिकारी, अधिकारी म्हणजे तो मुलगा, पण सेनापती मात्र तो मुलगा नव्हे. असं कसं होईल? आठवण हा ओळखीचा एकुलता एक धागा मानला की ही गत होते.

तुमच्या दादाची आणि वहिनीची बाजू घेणारेही आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेत एका वैद्यकीय विद्यार्थ्याने मार्गो नावाच्या अल्झायमर झालेल्या बाईंबद्दल लिहिलं. आठवण जवळजवळ गेलेली, पण बाई कमालीच्या आनंदी. त्यावरून रोनाल्ड ड्वॉर्किन या कायद्याच्या अभ्यासकाने १९९३ मध्ये प्रश्न टाकला: अशा माणसाने आधी शहाणपणाने काही ठरवून ठेवलं असेल तर आजच्या सुखासाठी ते मोडायचं का? त्याचं उत्तर होतं, नाही. आयुष्याला आकार देणारे निर्णय आणि त्या त्या क्षणाची सुखदुःखं यांत पहिल्याचं वजन जास्त. म्हणजे दादा. रिबेका ड्रेसर या विदुषीने त्याला विरोध केला, कारण काळजी घ्यायची आहे ती आज समोर असलेल्या व्यक्तीची. म्हणजे वहिनी.

मला सर्वांत पटते ती अग्निएश्का यावोर्स्का. तिने १९९९ मध्ये मांडलं की मधल्या टप्प्यातल्या माणसालाही एखादी गोष्ट *मोलाची* वाटू शकते. ती पार कशी पाडायची हे त्याला जमत नाही, पण म्हणून ती नुसती लहर ठरत नाही. तेव्हा अबोली, आईचं मागणं लहर आहे की आणखी काही, हे आधी बघायला हवं.

मांडवीकाठ

मी नर्स आहे. आधी वॉर्डात होते, आता घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करते. वरचा प्रतिसाद आवडला, पण एक साधी गोष्ट राहून गेली.

अबोलीताई, आईंना आज सोमवार आहे हे ठाऊक आहे का?

या आजारात वार, तारीख, वेळ फार लवकर सुटतात. आई "सोमवारी नुस्तें द्या" असं म्हणतच नाहीत. त्या "नुस्तें द्या" म्हणतात. सोमवार आपल्या डोक्यात आहे. नेम मोडायचा त्यांचा विचार असेल असं मला वाटत नाही. म्हणून आधी सांगून बघा. वाद म्हणून नको, "सोमवार ना आज?" असं शिकवल्यासारखं तर मुळीच नको. सकाळी अंघोळ झाली की देवापुढे बसवा, मंगेशाचं नाव काढा, जेवायच्या वेळी सहज बोला. आणि काय करतात ते बघा.

दुसरं, वास. अल्झायमरमध्ये वास घ्यायची शक्ती बऱ्याच जणांची लवकर कमी होते, मग जेवण मिळमिळीत लागतं. हुमणात तिरफळ, आंबट, तिखट सगळं असतं, वरण-भातात काय? सोमवारी तिरफळं घालून कडधान्याचं तोंडाक करा, सोलांची कढी जरा दाट करा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात असा माझा अनुभव.

तिसरं महत्त्वाचं. आयोवातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने त्यांना काय पाहिलं ते नीटसं आठवेना, पण मनातलं दुःख किंवा आनंद मात्र टिकून होता. आई ताट सरकवून रडल्या तर दहा मिनिटांनी त्या ताट विसरतील. रडू विसरणार नाहीत. दुपारभर का उदास आहेत हे त्यांनाही कळणार नाही आणि तुम्हालाही.

विठूचा_टाळ

मी दादाच्या बाजूने लिहितो. माझे वडील माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ हाच माणूस, असं गाव म्हणायचं. आजार वाढला तसे ते माळ ओढायचे, टोचते म्हणायचे. लग्नाघरी कुणी मटण वाढलं तर खाल्लंही असतं. आम्ही वाढू दिलं नाही, माळ सैल करून पुन्हा घातली. निदान झाल्यावर, चांगलं समजत असताना, त्यांनी मला आणि बहिणीला बसवून सांगितलं होतं की माझं डोकं जाईल, माळ जाऊ देऊ नका. तो शब्द आम्ही पाळला. आजही तेच केलं असतं.

आणि एक. चवथीच्या आरतीला नातवाचं नाव न आठवणारा हा माणूस घुमट (आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य) हातात दिलं की एक घाव चुकवत नसे. आरत्या पाठ. डॉक्टर म्हणाले, हातांची सवय आणि घटनांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या जागी असतात, हा आजार आधी घटनांच्या जागेवर घाला घालतो. पण लोक मोबाईल काढून शूटिंग करू लागले, "परत वाजवा आजोबा" सुरू झालं, तेव्हा मी घुमट काढून घेतलं. ते देवासाठी वाजवत होते. तमाशा करायचा नाही माणसाचा.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवीकाठताई, तुमचं ऐकून पाहिलं. एका सोमवारी वहिनीने ताट वाढताना नुसतं म्हटलं, "मांय, आज सोमार न्ही?" आईने वाटीकडे नेलेला हात मागे घेतला. "सोमार?" म्हणाली, पदराला हात पुसले आणि भात कालवायला लागली. दादाचे डोळे भरले. पण पुढच्या वेळी तेच वाक्य, तोच आवाज, आणि आई चिडली, "माका शिकयता?" तेव्हा एकच उत्तर नाही हे कळलं.

आता दुसरी गोष्ट लिहिते. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, तिच्या पिढीत तर सरसकट. बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने आईचं नवं नाव लिहिलं, साठ वर्षं घरदार त्याच नावाने चाललं, रेशनकार्ड, बँक, लग्नपत्रिका सगळीकडे तेच. अलीकडे आई त्या नावाला ओ देत नाही. माहेरच्या नावाने हाक मारली की लगेच वळते, "गे" म्हणते. (नावं इथे देत नाही.) तिच्या भावाचा फोन आला आणि स्पीकरवर ते नाव ऐकलं तेव्हा आम्हाला हे कळलं.

बाबांना सुरुवातीला ते फार लागलं. ते म्हणाले काहीच नाहीत, पण दोन दिवस तिच्याजवळ बसून जेवले नाहीत. मग एका सकाळी पेजेची वाटी घेऊन तिच्या खाटेवर बसले आणि तिला माहेरच्या नावाने हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा. जरा लाजल्यासारखेच. आईने वाटी घेतली आणि विचारलं, "तुमी खंयचे?" बाबांनी गावाचं नाव सांगितलं. "बरें गांव," म्हणाली. आता रोज त्यांची अशी नव्याने ओळख होते. दादाला हे बघवत नाही. मला बघवतं.

पारिजात_मडगाव

अबोली, हे वाचून एक आठवलं. आलॉइस अल्झायमर या डॉक्टरची ती पहिली रुग्ण, आउगुस्ट डेटर, १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली. नाव विचारलं तर म्हणाली आउगुस्ट. नवऱ्याचं नाव विचारलं तरी आउगुस्टच. स्वतःचं नाव लिहायला दिलं, ते जमेना, तेव्हा ती म्हणाली, "मी स्वतःला हरवून बसले आहे." आपण हरवलो हे कळणारी, ते बोलून दाखवणारी कुणीतरी तिथे होतीच. तिच्याकडे फक्त रुग्ण म्हणून बघणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नसतं. अल्झायमरने ते टिपून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

एक_वाचक_म्हापसा

मला या धाग्यावर थोडं वेगळं लिहायचंय आणि कृपया कुणी समजूत घालू नये.

माझ्या नवऱ्याला अल्झायमर नाही, मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाचा स्मृतिभ्रंश आहे. त्यांना सगळं आठवतं. माझा वाढदिवस, घराचे हप्ते, सगळं. पण शेजारी मयत झालं तेव्हा ते तिथे जाऊन हसले. मुलगी पडली, रक्त आलं, तर तिला ओलांडून फ्रीजकडे गेले. पंचवीस वर्षं ज्या माणसाने मला कधी टाकून बोललं नाही तो आता चारचौघांत जे बोलतो ते इथे लिहिता येत नाही.

"आतून ते तेच आहेत" असं सगळे सांगतात. मला तसं वाटत नाही. २०१५ मध्ये स्ट्रोमिंजर आणि निकोल्स या दोन संशोधकांनी अशा आजारांतल्या रुग्णांच्या घरच्यांना विचारलं होतं, तुमचा माणूस तोच राहिलाय असं वाटतं का. आठवण गेल्याने "हा तो नव्हे" असं घरच्यांना फारसं वाटत नव्हतं. दया, प्रामाणिकपणा, माया हे बदललं की वाटत होतं, आणि सर्वांत जास्त माझ्या नवऱ्याच्याच आजारात. ते वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी वाईट बायको नाही.

मी त्यांचं सगळं करते आणि करत राहणार. पण ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस गेला, हे म्हणायची मुभा मला हवी. अबोली, तुझी आई "सोमार" ऐकून हात मागे घेते. त्याची किंमत मला विचार.

मांडवीकाठ

म्हापशाच्या ताई, समजूत घालत नाही. वाचलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे.

फोंडेकर

ताईंच्या प्रतिसादानंतर लिहायला जड जातंय, पण गोव्याबद्दल एक सांगायला हवं. लोक बोट दाखवतात ते घरच्यांकडे. २००१ मध्ये गोव्यातच झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की ही लक्षणं लोकांना माहीत होती, पण तो आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. म्हातारपण म्हणायचे, नाहीतर मुलांनी नीट बघितलं नाही, माया केली नाही, म्हणून म्हातारी अशी झाली. अजूनही वाड्यावर हेच ऐकू येतं. सोमवारी आईला नुस्तें दिलं हे शेजारणीला कळलं तर काय होईल, ही भीतीही दादाच्या मनात असू शकते. त्यात त्याचा दोष नाही.

चांगलीही बाजू आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या प्रयोगात ८१ कुटुंबं होती. गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन घरी पाठवलं. माहिती द्यायची, धीर द्यायचा, कसं वागायचं ते दाखवायचं. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण खरोखर कमी झाला. देशात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने आजारी असल्याचा अंदाज आहे. इतक्या घरांना तज्ज्ञ डॉक्टर कुठून पुरणार? घरी येऊन बसणारं माणूस हवं.

निवृत्त_मास्तर

मी हा धागा मुलीकडून वाचून घेतला आणि हे तीच टंकते आहे. शब्द माझे. मी मराठी शाळेत मास्तर होतो. मला अल्झायमरचं निदान झालं आहे, सुरुवातीची अवस्था आहे. तुम्ही सगळे ज्याच्याविषयी बोलता आहात तो मी.

अबोली, तुझ्या आईच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही, पण मी माझं सांगतो. मी गुरुवार पाळतो. तो मी पाळतो म्हणून माझा नेम आहे. उद्या मला गुरुवार कळेनासा झाला आणि तुम्ही माझ्याकडून तो पाळून घेतलात, तर तो नेम तुमचा. माझ्या पदरी फक्त भूक. देवाला माझा नेम पोचला आहे इतकी वर्षं, तेवढा मला विश्वास आहे. त्यामुळे मला खाऊ घाला.

पण विठूचा_टाळ यांच्या वडिलांनी माळेचं सांगून ठेवलं होतं, त्यांचं तसंच करणं योग्य. दोन्ही खरं आहे, कारण दोन माणसं वेगळी आहेत. विचारायचं असतं ते आधी. मला माझ्या मुलीने विचारलं, रडत रडत विचारलं, पण विचारलं. ते मी लिहून ठेवलंय. मुलगा अजून विचारत नाही. "बाबा, असं काही बोलू नका" म्हणतो. त्याला वाटतं तो मला जपतोय.

आणखी एक. माझ्यासमोर माझ्याबद्दल "त्यांना कळत नाही" असं बोलू नका. कळतं. उत्तर द्यायला शब्द सापडेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता.

दवबिंदू

मास्तर, तुमच्या प्रतिसादापुढे काय लिहू? हे बहिणीला आत्ताच पाठवलं.

कायदा_आणि_मी

माहितीसाठी: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये आगाऊ निर्देशाची तरतूद आहे. निर्णयक्षमता असताना आपल्याला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं हे लिहून ठेवता येतं. कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. मात्र हे उपचार आणि देखभालीपुरतं आहे. मालमत्तेचा विषय वेगळा, गोव्याचे वारसा आणि पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेचे नियमही वेगळे, तिथे वकील गाठा आणि उशीर करू नका. नुस्तें, माळ, हाक मारायचं नाव यांसाठी कुठला फॉर्म नाही. ते घरच्या वहीतच लिहावं लागेल.

अबोली

आमचं ठरलं ते सांगते. सोमवारी सकाळी आईला देवापुढे बसवायचं, जेवताना एकदा सांगायचं. हात मागे घेतला तर उत्तम. मागत राहिली तर वहिनी वाढेल, आणि दादा त्या वेळी जेवणघरात नसेल, हे त्यानेच सुचवलं. संध्याकाळी मंगेशीला पालखीला तो जाईल, आईच्या वतीने. त्याला ते हवं आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. हाक मात्र सगळ्यांनी माहेरच्या नावाने मारायची. यावर बाबांनी कुणालाही बोलू दिलं नाही.

मास्तर, तुम्ही लिहून ठेवलंय त्यात एक विचारायचं होतं. लिहिलेलं एक आणि त्या दिवशी तुम्ही मागाल भलतंच, तर मुलीने काय करायचं?

निवृत्त_मास्तर

तेही लिहिलंय. खाणं, कपडे, गाणं, कुणाला भेटायचं, कुठे बसायचं यात त्या दिवशीचा मी सांगेन ते ऐका. एकदा समजावून बघा, दुसऱ्यांदा वाद घालू नका. औषध, पैसे, सही आणि स्कूटरची चावी, या बाबतीत मी कितीही ओरडलो तरी माझं ऐकायचं नाही, आजचा कागद दाखवायचा. कागदावर माझी सही आहे, तारीख आहे, आणि खाली मुलीचीही सही घेतली आहे. मुलाची बाकी आहे. तो चवथीला येतोय, तेव्हा घेईन.